बुडालेली नाव काढायची कोणी आणि न्यायची कुठे?

मा. संपादक,
यांस सविनय नमस्कार, वि. वि.

बडोद्यातील तलावांवर नौकाविहार पुन्हा सुरू व्हावा की नाही, याविषयी शहरात अधूनमधून चर्चा होते आणि ती बहुधा सुरक्षा-जाकिटे, प्रवाशांची संख्या आणि ठेकेदाराची निवड या मुद्द्यांभोवती फिरते. ते स्वाभाविकच आहे. १९९३ साली सुरसागरात नाव उलटून २२ जणांचा जीव गेला आणि १८ जानेवारी २०२४ रोजी हरणीच्या तलावात शाळेच्या सहलीला आलेले १२ विद्यार्थी व २ शिक्षिका बुडाल्या, हे ज्या शहराने पाहिले आहे तिथे माणसाच्या जिवाचा प्रश्न पहिला असणारच. त्या प्रश्नाचे महत्त्व जराही कमी न करता मला त्याच्या पुढचा, सहसा कोणी न विचारणारा प्रश्न मांडायचा आहे. नाव बुडाल्यावर, फुटल्यावर, गाळात रुतल्यावर किंवा नुसतीच जुनी होऊन काठाला पडून राहिल्यावर ती तिथून हलवण्याची आणि तिची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी कोणाची, आणि त्याचे पैसे कोणी द्यायचे?

मी सर्वसाधारण विम्याच्या क्षेत्रात नुकसानीच्या दाव्यांची पाहणी करणारा सर्व्हेअर होतो, आणि भरूच, दहेज, खंभात या बाजूच्या लहान बोटींचे व बार्जचे दावे माझ्याकडे येत असत. त्या कामातून एक गोष्ट मला पुरती उमगली, ती अशी की बोट बुडाली म्हणून कोणी तिच्यावर पाणी सोडत नाही. ती काढण्याचा खर्च तिच्या किमतीच्या वर गेला की मग सोडतो. लहान बोटीत पैसा असतो तो इंजिनाचा, गिअरबॉक्सचा, शाफ्टचा, पितळी पंख्याचा, जाळ्यांचा आणि वायरलेस, जीपीएस यांसारख्या यंत्रांचा. ओहोटीला किंवा उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर हा ऐवज उघडा पडला, की मालक (आणि कित्येकदा मालकाच्या आधी दुसराच कोणीतरी) तो काढून नेतो. मागे राहतो तो सांगाडा. भंगारात काढलेल्या मोटारीला निदान पत्र्याचा भाव येतो. फायबरच्या सांगाड्याला भंगारवाला फुकटातही हात लावत नाही, उलट तो उचलून नेण्याचे पैसे मागतो. ज्या वस्तूची किंमत शून्याच्याही खाली गेली आहे तिला मालक उरत नाही, आणि नदीकाठी दिसणाऱ्या बेवारस बोटींचे कारण शोधायला याहून लांब जावे लागत नाही.

विम्याने हा प्रश्न सुटेल अशी पुष्कळांची समजूत असते. प्रत्यक्षात काय घडते ते सांगतो. सागरी विमा कायदा, १९६३ मध्ये ‘कन्स्ट्रक्टिव्ह टोटल लॉस’ नावाची तरतूद आहे. म्हणजे बोट पूर्ण नष्ट झालेली नसली तरी तिला वाचवण्याचा आणि दुरुस्त करण्याचा खर्च तिच्या किमतीहून अधिक होणार असेल, तर ती संपूर्ण हानीच धरली जाते. त्यासाठी मालकाने विमा कंपनीला ‘मी या बोटीवरचा हक्क सोडून ती तुमच्या स्वाधीन करतो’ अशा अर्थाची नोटीस द्यायची असते. कंपनीला बोट ताब्यात घेण्याचा अधिकार मिळतो, पण घेतलीच पाहिजे असे बंधन नसते, आणि अनुभवी कंपनी दाव्याची रक्कम चुकती करूनही बोटीची मालकी कटाक्षाने टाळते, कारण मालकी आली की पाठोपाठ ती हलवण्याची जबाबदारीही येते. मालक म्हणतो, मी बोट सोडून दिली आहे. कंपनी म्हणते, आम्ही ती स्वीकारलेलीच नाही. आणि दोघांच्या पत्रव्यवहाराच्या काळात बोट आणखी हातभर गाळात जाते. यात कोणी लबाडी करत असतो असे मुळीच नाही. दोघेही कायद्याने दिलेल्या हक्कातच वागत असतात. बोटीच्या नुकसानीचा विमा आणि बुडालेली बोट हटवण्याच्या दायित्वाचा विमा हे दोन निरनिराळे विषय आहेत, आणि दुसरा प्रकार लहान बोटींच्या मालकांनी बहुधा ऐकलेलाही नसतो.

कायदा अगदीच गप्प आहे असेही नाही. १९०८ च्या भारतीय बंदर कायद्याच्या कलम १४ प्रमाणे बंदराच्या हद्दीत बुडालेले वा रुतलेले जहाज वाहतुकीला अडथळा ठरत असेल, तर ते हटवण्याची नोटीस बंदराचा कॉन्झर्व्हेटर, म्हणजे बंदराची देखरेख करणारा अधिकारी, मालकाला देऊ शकत असे, आणि मालकाने दाद न दिल्यास ते स्वतः उचलून, फोडून वा नष्ट करून, हाती लागलेला माल लिलावात विकून खर्च वसूल करू शकत असे. त्या कायद्याची जागा आता २०२५ च्या नव्या कायद्याने घेतली असली, तरी त्यामागचा विचार समजून घेण्यासारखा आहे. शतकापूर्वी बुडालेल्या जहाजात तांबे, लोखंड आणि सागवान असे; ते विकून काढण्याचा खर्च निघे आणि वर काही उरण्याचीही शक्यता असे. जहाज वाचवण्याच्या धंद्यात जगभर रूढ असलेला ‘काम फत्ते झाले नाही तर दाम नाही’ हा करारही याच भरवशावर उभा आहे, कारण वाचलेल्या मालाच्या किमतीतूनच मोबदला मिळायचा असतो. फायबरच्या नावेने हा सगळा हिशेब उलटा केला. जिच्या लिलावाला बोली लावणाराच कोणी नाही, तिच्या विक्रीतून खर्च वसूल करण्याची तरतूद कितीही काटेकोर शब्दांत लिहिली तरी कागदावरच राहते. म्हणून पैसा बोट बुडाल्यावर शोधायचा नसतो, ती पाण्यात उतरण्यापूर्वी बाजूला काढून ठेवायचा असतो. माझ्या या पत्राचा सगळा भर एवढ्या एका मुद्द्यावर आहे.

मोठ्या जहाजांच्या बाबतीत जगाने हे फार उशिरा का होईना मान्य केले आहे. जहाजांचे अवशेष हटवण्याविषयीचा नैरोबी करार २००७ साली झाला, भारत त्यात २०११ साली सामील झाला आणि एप्रिल २०१५ पासून तो लागू झाला. ३०० ग्रॉस टन आणि त्याहून मोठ्या जहाजाला, आपण बुडालो तर हटवण्याचा खर्च भागेल असा विमा किंवा तशी हमी जवळ बाळगावी लागते, आणि ज्याचा किनारा बाधित झाला तो देश थेट विमा कंपनीकडे दावा करू शकतो. आपण २०११ साली करारात सामील झालो त्याच वर्षीच्या पावसाळ्यात मुंबईकरांना त्याचे कारण डोळ्यांनी दिसले. जून महिन्यात कोलंबोहून अलंगला भंगारासाठी ओढत नेले जाणारे ‘विस्डम’ हे जहाज दोर तुटून जुहूच्या किनाऱ्याला लागले. जुलैच्या अखेरीस खलाशांनी ओमानच्या बाजूला सोडून दिलेले ‘पवित’ हे तेलवाहू जहाज आपणहून वाहत त्याच जुहूला येऊन टेकले, आणि इतक्या जवळ येईपर्यंत ते कोणाच्या लक्षातही आले नाही. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात आपल्या दहेजला कोळसा घेऊन येणारे ‘राक कॅरियर’ मुंबईसमोर बुडाले. पहिली दोन जहाजे काही आठवड्यांच्या खटपटीने निघाली, कारण ती लाखो लोकांच्या नजरेसमोर होती. रत्नागिरीकडे ज्यांचे नातेवाईक आहेत त्या बडोदेकरांनी मिऱ्या बंधाऱ्याला लागलेले ‘बसरा स्टार’ पाहिले असेल. जून २०२० च्या निसर्ग वादळात ते तिथे अडकले आणि पुढे कित्येक पावसाळे लाटांचा मार खात तिथेच गंजत राहिले. मे २०२५ मध्ये केरळसमोर ६४० कंटेनर घेऊन बुडालेल्या ‘एमएससी एल्सा ३’ मधले प्लॅस्टिकचे दाणे किनाऱ्यावरच्या वाळूत मिसळले, ते वेचताना तिथल्या लोकांची काय दमछाक झाली हे आपण वाचलेच आहे. तरीही या प्रत्येक जहाजाला नाव होते, ध्वज होता आणि कोणत्या तरी दप्तरात मालकाचा पत्ता होता. आपल्या तलावातल्या आणि नदीतल्या नावांपैकी कितींच्या बाबतीत तेवढे तरी म्हणता येईल?

समुद्रापासून आत आलो की २०२१ चा अंतर्देशीय जलयान कायदा लागू होतो. १९१७ चा जुना कायदा मोडीत काढून आलेल्या या कायद्याच्या व्याख्येत नदी, कालवा आणि तलाव हे सारे येते, बुडालेल्या जलयानांसंबंधी तरतुदी त्यात आहेत, आणि इंजिन नसलेल्या नावांची नोंद ठेवण्याचे काम स्थानिक स्वराज्य संस्थांकडे सोपवण्याची सोयही आहे. हरणीच्या घटनेची दखल उच्च न्यायालयाने स्वतःहून घेतली आणि त्यानंतर राज्य सरकारने लहान नौकांच्या नोंदणी व तपासणीचे नियम केले, ही समाधानाची गोष्ट आहे. नर्मदा राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक ७३ आणि मही क्रमांक ६६ म्हणून २०१६ सालीच जाहीर झालेल्या आहेत. तेव्हा कायद्याचा अभाव हे कारण आता पुढे करता येणार नाही. परंतु या सगळ्या रचनेत नाव पाण्यात येते कशी, यावर जितके लक्ष दिलेले दिसते तितके ती पाण्यातून जाते कशी यावर दिलेले दिसत नाही. नोंदणी रद्द करताना ‘नाव कुठे गेली’ असा प्रश्न विचारला गेला पाहिजे आणि त्याचा पुरावा, म्हणजे विक्रीचा कागद किंवा तोडल्याची पावती, जोडल्याशिवाय नोंद बंद होता कामा नये. मोटारीच्या बाबतीत हे आपण आता निमूटपणे पाळू लागलो आहोत.

नाव काढणे म्हणजे क्रेन आणून दोर बांधणे, असा एक सार्वत्रिक समज आहे आणि त्यापायी बरेच अपघात होतात. पाण्याखाली असताना नावेचे वजन जाणवत नाही. लाकूड जवळजवळ तरंगते आणि फायबरही पाण्याच्या दीडपटीहून फारसे जड नसते. संकट येते ते नावेची कड पाण्याच्या वर येऊ लागते त्या क्षणी, कारण तोपर्यंत आधार देणारे पाणी आता आत साचलेले ओझे बनते. सहा मीटर लांब, दोन मीटर रुंद आणि पाऊण मीटर खोल अशा साध्या नावेचा आकार धरून हिशेब केला, तरी तिच्यात पाच टनांच्या आसपास पाणी मावते. नाव स्वतः एक टनाचीही नसते. घाईने उचलणाऱ्या क्रेनचा दोर तुटतो, नाहीतर नावच मधून मोडते. म्हणून जाणकार माणूस नाव कड पाण्याला लागेपर्यंतच उचलतो, तिथे थांबतो, पंप लावतो आणि पाणी उपसत उपसत नावेला स्वतःच्या बळावर तरंगू देतो. त्याच्याही आधी तळाची भोके बुजवायची, डिझेलची टाकी आणि बॅटरी काढायची, आणि गाळाने धरलेला तळ पाण्याच्या फवाऱ्याने मोकळा करायचा, कारण चिकट गाळाची पकड कित्येकदा नावेच्या वजनाहून भारी पडते.

आपल्या भागात यासाठी लागणारी बुद्धी आणि हत्यारे नाहीत असे कोणी म्हणू नये. खंभातच्या आखातात दहा मीटरच्या आसपास चढउतार करणारी भरती आहे, आणि तिथले लोक ओहोटीला नावेला रिकामी पिंपे बांधून भरतीची वाट पाहत बसतात. घनमीटरभर हवा पाण्याखाली एका टनाचे ओझे उचलते हे गणित त्यांना कोणी शाळेत शिकवलेले नसते. ९ जुलै २०२५ रोजी पादऱ्याजवळ महीवरचा गंभीरा पूल कोसळल्यावर जो टँकर तुटलेल्या कडेला लोंबकळत राहिला होता, तो जवळजवळ चार आठवड्यांनी हवेने फुगवायच्या मोठ्या पिशव्या आणि पोलादी दोर वापरून सुखरूप मागे घेण्यात आला. हे काम करणारे लोक पोरबंदरहून आले होते. म्हणजे तंत्र गुजरातमध्येच होते. पण ते कोणाकडे आहे, कोणी बोलवायचे आणि कोणत्या खात्यातून पैसे द्यायचे हे आधी ठरलेले असते, तर तो टँकर इतके दिवस तसाच लटकून राहिला नसता असे मला वाटते. तलावाला भरतीही नसते आणि मोठी क्रेन उभी राहील असा पक्का काठही बहुधा नसतो, त्यामुळे तिथे पिशव्या आणि पंप हाच व्यवहार्य मार्ग उरतो. विश्वामित्रीची गोष्ट आणखी वेगळी. त्या पाण्यात मगरी आहेत, आणि पाणबुड्याला खाली पाठवण्यापूर्वी वनखात्याचा माणूस काठावर हजर असला पाहिजे, हे दुसऱ्या कोणत्या शहराच्या निविदेत लिहावे लागत नसेल, पण आपल्याकडे लिहावे लागेल.

एक अडचण प्रामाणिकपणे मांडली पाहिजे. जीवितहानी झालेली नाव ही कचरा नसते, ती पुरावा असते. तिच्या तळाला किती जुनी डागडुजी होती, तरंगण्यासाठीचे फोमचे कप्पे शाबूत होते का, आसने मागाहून वाढवली होती का, हे त्या नावेनेच सांगायचे असते, आणि घाईघाईने ओढून काढताना ती मोडली की हे सगळे पुसले जाते. त्यामुळे पंचनामा, बुडालेल्या स्थितीतील छायाचित्रे आणि तज्ज्ञाची पाहणी होईपर्यंत तिला हात लावू नये, हे रास्तच आहे. पण पुरावा म्हणून जप्त केलेली नाव पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे ऊनपाऊस खात पडून राहिली, तर तोही पुरावा राहत नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४९७ मध्ये यावर चांगला उपाय आहे: मुद्देमाल न्यायालयापुढे आल्यावर चौदा दिवसांत त्याचे वर्णनपत्र तयार करायचे, छायाचित्रे आणि चित्रीकरण करायचे, आणि त्यानंतर तीस दिवसांत त्याच्या विल्हेवाटीचा आदेश द्यायचा. छायाचित्रे पुरावा म्हणून ग्राह्य धरली जातात. या कलमाचा उपयोग जप्त वाहनांच्या बाबतीत होऊ लागला आहे. नावांच्या बाबतीतही तो सरकारी वकिलांनी आग्रहाने करून घ्यावा.

आता विल्हेवाटीविषयी, कारण पाण्यातून काठावर आणून ठेवलेली नाव म्हणजे अर्धेच काम. पोलादी बोटीची चिंता करण्याचे कारण नाही, तिला गिऱ्हाईक मिळते; १९८३ पासून जहाजे तोडणारे अलंग आपल्याच राज्यात आहे आणि तिथले पोलाद पुन्हा गिरणीत जाऊन सळया होऊन बाहेर येते. जुन्या लाकडी नावांचेही सांगाडे लोक सरपणाला नेतात, जरी तेलकट रंग आणि डांबर चढलेले लाकूड चुलीत जाळणे घातक असते. खरा पेच फायबरचा, म्हणजे काचेच्या तंतूंवर राळ चढवून बनवलेल्या नावांचा. आपल्या तलावांतली हंसाच्या आकाराची पेडल बोट याच जातीची. ती वितळवता येत नाही, कुजत नाही, आणि उघड्यावर जाळली तर काळाकुट्ट विषारी धूर होतो. कटरने कापताना उडणारी काचेची बारीक भुकटी फुप्फुसात जाते, म्हणून पाणी मारत, मास्क घालून, आडोशात कापावे लागते. हे काम कोणत्याही नाक्यावरून आणलेल्या मजुराला हातात ग्राइंडर देऊन करवून घेण्याजोगे नाही. आणि काहीच न करता ती काठावर उपडी न घालता ठेवली, तर पहिल्या पावसात तिचे डबके होऊन डेंग्यूच्या डासांची सोय होते. आरोग्यखाते घरोघरी कुंड्या आणि कूलर तपासत फिरते, ते योग्यच आहे. त्याने तलावकाठच्या मोडक्या बोटीही पाहाव्यात.

यावर उपाय उपलब्ध आहे. फायबरचे तुकडे सिमेंटच्या भट्टीत घातले, की राळ जळून उष्णता देते आणि काचेतील वाळूचा अंश क्लिंकरमध्ये, म्हणजे दळून सिमेंट करण्याआधीच्या भाजलेल्या खड्यांत, मिसळून जातो. जर्मनीत याच पद्धतीने फायबरचा टाकाऊ माल खपवला जातो. आपल्याकडेही औद्योगिक कचरा सिमेंटच्या भट्टीत घालण्याची पद्धत नियमांत बसलेली आहे आणि सौराष्ट्रात व कच्छात सिमेंटचे मोठे कारखाने आहेत. अडते ते एवढ्यावर की दोन-पाच बोटींसाठी कोणी ट्रक पाठवत नाही. शहरातील सर्व तलाव, चांदोद, करनाळी, मालसर यांसारखे घाट आणि भरूचच्या खाडीकाठची गावे यांच्या टाकाऊ बोटी एका ठिकाणी गोळा करून वर्षातून एकदा, पावसाळ्याच्या आधी, कापून पाठवल्या तर वाहतुकीचा खर्च आवाक्यात येईल. फ्रान्सने २०१९ पासून असे केले आहे की नवी बोट विकतानाच तिच्या विल्हेवाटीसाठी ठरावीक रक्कम उत्पादकाकडून घेतली जाते, आणि जुनी बोट मोडणाऱ्या केंद्रापर्यंत आणून देणाऱ्या मालकाकडून मोडण्याचे पैसे घेतले जात नाहीत. त्या देशाचे सगळेच अनुकरण करावे असे मी म्हणत नाही, पण पैसे सुरुवातीला घ्यायचे आणि शेवटी मागायचे नाहीत, ही त्यांची रीत माणसाचा स्वभाव ओळखून केलेली आहे.

चांदोदचा उल्लेख आला म्हणून थोडे सविस्तर लिहितो. श्राद्धकर्मासाठी तिथे जाणे आपल्यापैकी बहुतेकांना कधी ना कधी घडते, आणि नर्मदा, ओरसंग व गुप्त सरस्वतीच्या संगमावर नेणारा नावाडी आपल्या ओळखीचा असतो. सप्टेंबर २०२३ मध्ये सरदार सरोवरातून सोडलेल्या पाण्याने चांदोदपासून भरूचपर्यंत जे घडवले, त्यात माणसांची घरेच राहिली नाहीत तर काठाला बांधलेल्या नावांची काय कथा. अशा पुरात नाव वाहून दुसऱ्याच गावच्या काठाला, केळीच्या बागेत किंवा पुलाच्या खांबाला जाऊन अडकते. ती परत आणण्याचा खर्च त्या नावाड्याच्या मिळकतीच्या बाहेरचा असतो. अशा माणसाला नोटीस देऊन दंड ठोठावणे हा अन्याय होईल, आणि त्याचा परिणामही उलटाच होईल. दंडाच्या भीतीने तो ‘नाव माझी नाही’ असे सांगून मोकळा होईल आणि बेवारस नावांत एकीची भर पडेल. पुराने वाहून गेलेल्या गुराढोरांची आणि घरांची जशी नुकसानभरपाई ठरते तशी नावेचीही ठरावी, आणि भरपाईचा एक भाग अडकलेली नाव हलवण्यासाठीच द्यावा. आपली नाव मोडीत काढायला आणून देणाऱ्या गरीब नावाड्याला उलट काही पैसे हातावर ठेवावेत, या मताचा मी आहे. ते पैसे वाया जाणार नाहीत, कारण पुढच्या पुरात तीच नाव पुलाच्या खांबाशी अडकून कचरा आणि जलपर्णी अडवू लागली, तर ती काढायला त्याच्या कितीतरी पट खर्च येईल.

ठेकेदाराच्या बाबतीत मात्र मी इतका मऊ नाही. जो सार्वजनिक तलावावर तिकीट लावून व्यवसाय करतो, त्याच्याकडून महापालिकेने प्रत्येक बोटीमागे हटवणी व विल्हेवाटीची अनामत रक्कम करार करतानाच घ्यावी. ती बँक गॅरंटीच्या रूपाने असावी आणि कराराची मुदत संपल्यानंतरही काही महिने चालू राहावी, कारण बोटी टाकून जाण्याची वेळ नेमकी मुदत संपल्यावरच येते. प्रत्येक बोटीवर, पाण्याच्या रेषेच्या वर आणि आतल्या बाजूलाही, नोंदणी क्रमांक कोरलेला असावा; रंगवलेला क्रमांक एका पावसाळ्यात जातो किंवा घालवला जातो. बोट बुडाल्यास वा निकामी झाल्यास ती किती दिवसांत हलवायची, हे करारात आकड्याने लिहावे. ‘वाजवी मुदतीत’ हे शब्द मी माझ्या कामात इतक्यांदा वाचले आहेत, की त्यांचा अर्थ ‘कधीच नाही’ असा होतो हे आता सांगायला हरकत नाही. तपासणी करणाऱ्या अधिकाऱ्याने चालू बोटींबरोबर बंद पडलेल्या बोटींचीही यादी द्यावी. अनामत रकमेमुळे तिकीट महाग होईल असा आक्षेप येईल, होऊ द्यावे. ज्या नौकाविहाराच्या तिकिटात नाव काढण्याचाही खर्च बसत नाही, त्याचा उरलेला खर्च आज ना उद्या मालमत्ता करातूनच भरला जाणार आहे.

विश्वामित्री आणि तलावांतील गाळ काढण्याची कामे ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर जोमाने सुरू झाली, त्या निमित्ताने एक सूचना तातडीची आहे. गाळ उपसणाऱ्या यंत्रांना तळाशी काय काय सापडते याची नोंद गाळाच्या घनमीटरांबरोबरच ठेवली जावी, आणि त्यात नावांचे अवशेष, लोखंडी तराफे, इंजिने यांसाठी वेगळा रकाना असावा. आज असे काही सापडले तर ते गाळाच्याच ट्रकमधून भरावाच्या जागी जाते आणि आपल्या पाण्यात किती नावा पडून आहेत याचा हिशेब लागण्याची संधी निघून जाते. नौकाविहाराची पुढची निविदा जेव्हा केव्हा निघेल, तेव्हा तिचा मसुदा किमान महिनाभर आधी महापालिकेच्या संकेतस्थळावर गुजराती व मराठी या दोन्ही भाषांत ठेवावा, आणि त्यात अनामत, मुदत आणि विल्हेवाटीचे ठिकाण या तिन्ही रकान्यांत प्रत्यक्ष आकडे व नावे भरलेली असावीत, एवढी विनंती आपल्या दैनिकामार्फत महापालिका आयुक्तांना करतो.

कळावे, लोभ असावा.

आपला विश्वासू,
एक निवृत्त विमा सर्व्हेअर,
दांडिया बाजार, बडोदे